दोन नंबरच्या चौकोनातले मासे

नाशिक,
ता. १२ मार्च १९८३

तीर्थरूप रावजी दाजींना कारभारीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तिकडे तुमचा गुडघा, मैनाताईचा खोकला आणि दारणेचं पाणी कसं आहे ते कळवावं. तुम्ही दुधाच्या किटलीतून दिलेले चाळीस मासे सुखरूप आहेत. (एस.टी.त कंडक्टरने किटलीचंही तिकीट फाडलं, ते असो.)

आमच्या शकीला मॅडमनी संस्थेच्या आवारात विटा-सिमेंटची तीस फुटी नदी बांधली आहे. तिच्यात तुमच्याच डोहातले गोटे, तळाला रंगाने आखलेले बारा चौकोन आणि वर पाणी सोडायची चावी. पाणी वाढवलं की मासे कुठे जातात ते मी स्टुलावर बसून मिनिटामिनिटाला वहीत मांडतो, आणि मॅडम त्यावरून गणित बसवतात. धरणाचे दरवाजे किती हळू उघडावेत म्हणजे खालचे मासे वाहून जाणार नाहीत, ते या गणितावरून ठरायचं आहे. म्हणजे तुमचं जाळं भरणार की रिकामं राहणार तेही. बाईंच्या हुशारीला तोड नाही. त्या सकाळीच सांगतात, आज मासे सात नंबरच्या गोट्याआड बसतील, आणि मासे हजेरीला आल्यासारखे तिथेच बसतात.

फक्त एका गुरुवारी भर धारेत, दोन नंबरच्या चौकोनात, एकवीस मासे. दुसरे कोणी साहेब असते तर आकडा खोडून चहाला गेले असते. मॅडम म्हणाल्या, "कारभारी, मासा चुकत नाही. चुकत असेल तर आपलं गणित." तेव्हापासून तीन आठवडे त्या गणित मोडून पुन्हा मांडताहेत, जेवणाचा डबाही उघडत नाहीत. त्यांच्याकडे बघून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, कारण त्या गुरुवारी गाडी चुकून उशीर झाल्यामुळे मी स्टुलावरच भाकरी खाल्ली आणि चुरा दोन नंबरात पडत होता. (काम चालू असताना तिथे खायला सक्त मनाई आहे, आणि मी अजून रोजंदारीवर.)

मैनाताईस नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
कारभारी

ता. क. मॅडम पुढच्या रविवारी (ता. २०) तुमच्याकडे येताहेत, जाणत्या माणसाला विचारायला. एवढंच सांगा, की गुरुवारी मासे जरा असंच करतात. माझी नोकरी तुमच्या शब्दावर आहे.

आणखी ता. क. (सोमवार, ता. १४) हे पत्र मी निरीक्षणाच्या वहीतच विसरलो होतो. आज वही उघडली तर समासात मॅडमचं पेन्सिलीतलं अक्षर: "भाकरी ज्वारीची की बाजरीची? तुकडे साधारण किती? वेळ लिहा." बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही. दाजी, मला रडू आलं. वहीत त्यांनी 'भूक' म्हणून नवा रकाना आखला आहे आणि तो भरायचं काम माझ्याकडे दिलं आहे. तेव्हा वरचं खोटं सांगू नका. ताईला म्हणावं, रविवारी मॅडमबरोबर बाजरीच्या दहा भाकरी पाठव, माशांसाठी. अकरावी माझ्यासाठी, ती मी फाटकाबाहेर उभा राहून खाईन.