बियाण्यावरचा धूर

गंगापूर रोड, नाशिक
११ मे २००३

तीर्थरूप बाबांना मंजुळाचा नमस्कार.

मी बसवलेली बिनधुराची चूल ठेवायची की मोडायची, असं तुम्ही धाकट्या राजूच्या हातून लिहून विचारलंत. बाबा, मला खरंच सांगता येत नाही.

धूर नळीतून बाहेर गेला की आईचा खोकला थांबेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चुलीच्या वर टांगलेली मक्याची बियाण्याची कणसं त्या धुरानंच टिकतात, हे लहानपणापासून पाहूनही विसरले. आता सगळ्या कणसांना कीड लागली. शेजारची अक्काबाई म्हणाली म्हणे, "पोर लय शिकली. आता पेरायचं काय, तिची पुस्तकं?" तिचं चुकलं नाही.

आईला रात्री झोप लागते का? खोकल्यातून पुन्हा रक्त पडलं का, ते खरं लिहा.

मी बरी आहे. मेसचं जेवणही चांगलं आहे. इंजिनिअरिंगचे सर चुलीवर खूश आहेत. पर्यावरणाचे सर म्हणाले, पाड्यावरच्या सगळ्या घरांत बसव, दोन्ही विषयांचं काम पुरं होऊन यंदाच पदवी मिळेल.

चूल आमच्या घरात फसली, दुसऱ्या कुणाकडे बसवणार नाही, असं मी काल दोघांनाही लिहून दिलं. पदवी वर्षभर लांबली आहे.

आईला जपा.

तुमची
मंजुळा