लिंबाची जागा

अप्पा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की भांडायला हरकत नाही. होतात तेव्हा तुमच्याशी भांडण व्हायचंच नाही, तुम्ही शिट्टी वाजवायचात आणि विषय संपायचा. शाळेतले पी.टी.चे सर आणि घरातला बाप, दोघांच्या गळ्यात एकच शिट्टी. आज सकाळपासून तुमच्यामुळे माझं डोकं फिरलेलं आहे, आणि तुम्ही मात्र हार घालून भिंतीवर निवांत आहात.

मी सध्या काय करते हे ऐकून तुम्ही हसला असतात. पुण्यातल्याच एका मुलींच्या व्यावसायिक फुटबॉल संघात मी नोकरीला आहे. हंगामाआधी आमच्याकडे ड्राफ्ट असतो, म्हणजे नव्या मुलींची नावं समोर येतात आणि सगळे संघ पाळीपाळीने एकेकीला निवडतात. त्याआधी आपल्या संघात कुठली जागा लंगडी आहे आणि तिथे कशी मुलगी हवी, हे बघून सांगणं माझं काम. ‘मंडईत जाण्याआधी घरात काय संपलंय ते बघावं, एवढ्यासाठी पगार देतात?’ असं तुम्ही नक्की विचारलं असतं. देतात, अप्पा. आणि तुमच्यापेक्षा बरं बघते मी, कारण रिकामी जागा भरायला माझ्याकडे घरची पोर नसते.

कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या. रविवारची सकाळ आहे, आई पोहे भिजवतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बटाटे मांडून आमच्या शाळेच्या मुलींचा संघ निवडताय. थोराड बटाटे बचावाला, लांबट बटाटे पुढे. ज्या जागेला मुलगी मिळालेली नाही तिथे तुम्ही लिंबू ठेवता, आणि ते लिंबू उचललं जाईपर्यंत तुम्हाला चैन पडत नाही. त्या रविवारी लिंबू गोलमध्ये होतं. आधीच्या गोलकीपरची आई शाळेत येऊन तुम्हाला चांगलं झापून गेली होती, पोरीचे गुडघे फुटतात म्हणून. मी पुढे खेळायचे, डाव्या पायाने, आणि त्या वर्षीचे बहुतेक गोल माझे होते. तुम्ही पुढचा एक बटाटा उचललात, लिंबाच्या जागी ठेवलात आणि आईला म्हणालात, “हिच्यासाठी भांडायला कोण येतंय? आईबाप आपणच.” आई हसली नाही. तिने ते लिंबू चिरलं आणि पोह्यांवर पिळलं. मला कुणी काही विचारलं नाही.

त्या वाढदिवसाला मी बूट मागितले होते. तुम्ही हातमोजे आणलेत, तेही दोन मापं मोठे, वाढतं अंग म्हणून. ते घालून मी शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या अंतिम सामन्यापर्यंत तुमच्या सांगण्यावरून उभी राहिले. त्या दिवशी मात्र एक चेंडू हातात आला आणि मला राहवलं नाही. मी तो पायाशी टाकला आणि निघाले. दोघींना चकवलं, तिसरी बघतच राहिली, आणि फटका खांबाला लागून परत आला. आपला गोल ओसाड होता. त्यांनी आरामात चेंडू आत ढकलला आणि सामना गेला. तुम्ही ओरडला असतात तरी चाललं असतं. तुम्ही सगळ्या पालकांसमोर थंडपणे म्हणालात, “गोलकीपरला पाय उभं राहायला दिलेत, हिंडायला नाहीत.” लोक हसले. मी तुमच्या स्कूटरवर बसले नाही, मोजे न काढताच घरापर्यंत चालत आले. त्या फटक्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तुम्हाला माफ करायचीही घाई नाही.

तर यंदा आमच्या संघाला लेफ्ट बॅक हवी होती, मागे डावीकडे बचाव करणारी. गेल्या हंगामात प्रत्येक संघाने आमच्या त्याच बाजूने वरात काढली होती. आणि ड्राफ्टमध्ये पुण्याजवळच्या मांजरी गावची एक मुलगी होती. उसाच्या कडेच्या मोकळ्या रानात खेळून तयार झालेली, पुढे खेळणारी, डाव्या पायाची. काय फटका मारते, अप्पा! आमच्या कोचनी तिचा खेळ पाहिला आणि लगेच म्हणाले, “डावा पाय आहे ना? मग टाका मागे डावीकडे. प्रश्न मिटला.” मला फरशीवरचं लिंबू दिसलं. मी म्हटलं, घ्यायची तर पुढे घ्या, आपल्या पुढच्या तिघींपैकी एकीचाही डावा पाय चालत नाही, ती जागाही रिकामीच आहे. ते म्हणाले, “मागे येत असेल तर घेऊ. नाहीतर राहिली.” दुसऱ्या संघांकडे पुढे खेळणाऱ्यांची गर्दी होती. आम्ही सोडली असती तर तिला कुणीही उचललं नसतं.

जे तुम्ही केलं नाहीत ते मी केलं. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, मी फुडंच खेळती. पर तुमी मागं म्हणा, गोलात म्हणा, कुठं बी हुबी करा. फकस्त घ्या. घरच्यांनी सांगितलंय, औंदा निवड न्हाई झाली तर बूट ठिवून द्याचं.” मला तिचा राग आला नाही, तुमचा आला. तुमच्यासारखी माणसं हे वाक्य ऐकायलाच टपलेली असतात, आणि ते ऐकलं की त्यांना वाटतं आपण पोरीचं भलं केलं.

आज सकाळी ड्राफ्ट झाला. आमची पाळी यायच्या आधी कोचनी कोपऱ्यात घेऊन विचारलं, “आणि मागे डावीकडे कोण? आपण स्वतः उतरणार का?” मी म्हटलं, “उतरेन. हातमोजे आहेत माझ्याकडे.” त्यांना काही कळलं नाही, पण दुसऱ्या फेरीत बॅक बघू, नाही मिळाली तर दोष माझा, असं मी म्हटल्यावर नाव त्यांनी तिचंच दिलं, माझ्या भरवशावर, पुढच्या जागेसाठी. दुसऱ्या फेरीत जी लेफ्ट बॅक मला हवी होती ती आमच्या आधीच्या संघाने उचलली. भोक तसंच राहिलं. आता हंगामभर तिकडून गोल झाला की सगळे माझ्याकडे बघणार. दुपारी त्या मुलीचा फोन आला. “मॅडम, कुठं खेळायचं?” मी म्हटलं, “पुढे.” ती म्हणाली, “खरंच फुडं?” हा प्रश्न मला तुम्हाला विचारायला मिळाला असता तर आपलं बरंच भांडण वाचलं असतं.

आता एक राहिलं. कोच मला नेहमी विचारतात, संघातलं भोक तुम्हाला इतरांच्या आधी कसं दिसतं? मी सांगते, कोर्स केलाय. कोर्स कसला! गोलमध्ये उभं राहिलं की सगळं मैदान समोर असतं आणि बघण्याशिवाय दुसरं काम नसतं. मी वर्षानुवर्षं बघत राहिले, आणि आज त्याच बघण्यावर माझं पोट चालतं. तुम्हाला हे कळलं तर तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर उभी केली होती. आणि ते खोटं असेल, तुम्हाला फक्त लिंबू उचलायचं होतं. म्हणून हे लिहिलेलं मी तुमच्या फोटोसमोरसुद्धा वाचणार नाही.