अकरा मिनिटांनी मोठा

ती. स्व. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (जुळ्यांत कसला आलाय दादा! पण अकरा मिनिटं आधी जन्मून तू ते पद बळकावलंस आणि आईनं ते मान्य केलं.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच, सर्दीसुद्धा तुला विचारून होत असेल. माझी विचारू नकोस. तीन वर्षांत विचारली नाहीस, आता सवय मोडू नकोस.

कळवायचं ते असं, की मी हल्ली व्हिडिओ गेमच्या कंपनीत संवाद लिहितो. नव्या गेमला खलनायक हवा होता: नायकाचा जुळा भाऊ, थंड, सत्तेसाठी हपापलेला, पण पाठीमागून कधी वार न करणारा. बाकीचे डोकी खाजवत बसले. मी एका दुपारीत लिहून मोकळा झालो. शर्टाचं गळ्यापाशचं बटणसुद्धा लावलेला, हसायचंच झालं तर नाकातून हसणारा. नायक अर्थात मी: उमदा, बोलघेवडा. मग चाळीस जणांना गेम खेळायला बसवलं. चाळीसच्या चाळीस जणांनी नायकाची बडबड बटण दाबून पुढे ढकलली आणि विचारलं, "त्या भावाला घेऊन खेळता येत नाही का?" आता नायक तू. मी दुसऱ्याच लेव्हलला मरतो, तेही खेळणाऱ्याला तलवार कशी धरायची ते शिकवता शिकवता. माझे मरतानाचे संवाद मीच लिहिले. लोक तेही पुढे ढकलतात.

त्यांना तुझं काय आवडतं म्हणे? तर तू पडलेल्याला मारत नाहीस. अरे, ते मला विचारा! लहानपणी खेळताना माझ्या कंट्रोलरची वायर निघाली, की तू आपला कंट्रोलर खाली ठेवून हाताची घडी घालून थांबायचास, आणि मी वायर लावली की मग मला धुऊन काढायचास. (हरायला लागलो की वायर मीच हळूच ओढायचो. तुला ते माहीत होतं. तरी थांबायचास. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.) घरच्या छापखान्याचंही तेच. कारभार कुणाकडे द्यायचा हे बाबा सगळ्या कामगारांना विचारणार होते, त्याच्या आठ दिवस आधी तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "मला हवाय. तुझ्याविरुद्ध उभा राहणार आहे. तयारी कर." ते आठ दिवस मी फुगून बसण्यात घालवले. तू जिंकलास, आणि तुला शिव्या द्यायचीही सोय ठेवली नाहीस. मला राग येतो तो याचाच. म्हणून मी कागद कापायच्या मशीनची किल्ली टेबलावर आपटली आणि निघून आलो, त्याला तीन वर्षं झाली.

असो. आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
(अकरा मिनिटांनी) धाकटा

ता. क. – खलनायकाचा (म्हणजे आताच्या नायकाचा) चेहरा तुझा असल्यामुळे सोबतच्या संमतीपत्रावर शुक्रवारच्या आत तुझी सही हवी, नाहीतर माझी नोकरी जाईल. चेहरा आमचा एकच, माझी सही चालेल, असं मी म्हणून पाहिलं. वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "छे, हे तुम्ही वाटत नाही." पत्राचं कारण एवढंच.

आणखी एक ता. क. – एवढंच नाही. तीन वर्षांपूर्वीही वायर मीच ओढली होती. तू अजून थांबला आहेस, की खेळ बंद करून उठलास? उठला असशील तर नुसती सही पाठव, बाकी काही लिहू नकोस.