पावसाच्या पिक्चरला आठ दिवसांची मुदतवाढ

मु. पो. निलंगा, जिल्हा लातूर
(हात अजून उस्मानाबाद लिहायलाच जातो. नवा जिल्हा होऊन सात महिने झाले, पण हाताला कुणी कळवलेलं नाही.)
सोमवार

रा. रा. अण्णाराव मेहुणे यांना गुरुलिंग घड्याळजीचे मनापासून शरणार्थ.

तुमची, मुलाबाळांची आणि म्हशीची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. तुमच्या नांदेडाला गोदावरी आहे, इकडं टँकर चौथ्या दिवशी येतो. तुमची अक्का पाण्याच्या टंचाईमुळं माहेरी आली आहे, हे तिनं सांगितलंच असेल. (दुसरं काही कारण सांगितलं असेल, तर त्याबद्दल खाली लिहीन.) जाताना घरातल्या साऱ्या घागरी भरून गेली. त्या घागरींचं पाणी मी जपून वापरतोय. एक तर अजून झाकूनच ठेवली आहे.

पण पत्राला कारण आनंदाचं आहे. आम्ही जिंकलो! पावसाचा पिक्चर येत्या रविवारपर्यंत निलंग्यातच राहणार. आता हा पिक्चर कोणता, ते सांगतो. आमच्या बसवंतानं टॉकीजसाठी मागवला होता मारामारीचा, आणि रिळांच्या पेट्या उघडल्या तर निघाला इंग्रजी, तोही जुना, काळापांढरा. नाव एवढं लांबलचक की बसवंताची जीभ दोनदा अडकली. मग त्यानं बाहेरच्या फळ्यावर खडूनं सरळ ‘पावसाचा पिक्चर’ असं लिहून टाकलं. दुष्काळात असलं नाव वाचून कोण घरी बसतं?

मी गेलो तो निव्वळ धंद्यापायी. त्यातला हिरो घड्याळजी आहे, असं कळलं म्हणून. (चिमटा असा धरतो की मी तसा धरला असता तर अर्ध्या निलंग्याची घड्याळं बंद पडली असती. पण माणूस चांगला.) एका बंदराच्या गावात एक बाई पोस्टात शिक्के मारते, समोर ह्याचं दुकान. दोघांचं जुळतं. मग हा एक दिवस तिला काहीतरी टाकून बोलतो. काय बोलतो ते इंग्रजीत आहे, पण बाईचं तोंड बघितलं की निलंग्याच्या माणसालाही कळतं. बाई पेटी उचलते आणि भावाच्या गावाला निघून जाते. सात वर्षं जातात. शेवटी हा तिथं जाऊन तिच्या दारासमोर भर पावसात उभा राहतो. टोपी हातात, तोंडातून चकार शब्द नाही. ती उंबऱ्यात. मी माझ्या घड्याळात मोजलंय, चार मिनिटं बारा सेकंद. तेवढ्यात कुणीच इंग्रजी बोलत नाही, त्यामुळं आम्हाला सगळंच्या सगळं समजतं.

आणि पाऊस तरी कसला! पन्हाळीतून मनगटाएवढी धार. पहिल्या दिवशी बायकांच्या बाजूनं भामाबाई ओरडल्या (आमच्या गल्लीतल्या, टँकरच्या रांगेत कायम पहिल्या), “आगं बये, रडतीस काय, आधी घागर लाव खाली!” दुसऱ्या दिवशी त्या जागी सगळी बायकांची बाजू एका सुरात तेच ओरडली. तिसऱ्या दिवशी दोघीतिघी घरून रिकाम्या घागरी घेऊनच आल्या आणि मांडीवर धरून बसल्या. चौथ्या दिवसापासून मात्र ओरडणं बंद झालं. तो पाऊस लागला की टॉकीजभर नुसते श्वास ऐकू यायचे. बाहेर आल्यावर लोक उगीच आपला सदरा चाचपून बघायचे. देवणीहून लोक येऊ लागले, मुरुडाहून एक आख्खं वऱ्हाड आलं.

एवढ्यात पिक्चर पाठवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की पेट्या शनिवारी परत न्यायच्या. गावावर सुतक आल्यासारखं झालं. जिल्हा नवा झाल्यापासून आम्हाला अर्ज करायची चांगली सवय लागली आहे, तेव्हा मी रातोरात, म्हणजे दिवे लागायच्या आतच, अर्ज लिहिला. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, जुन्या पंचांगावर अक्षरं गिरवून शिकलेला माणूस मी. तरी ‘सबब विनंती’ हे शब्द तीन ठिकाणी घातले. दोनशे बारा अंगठे जमले. शाईचा पॅड वाळून खडखडीत झालेला, आणि त्यावर ओतायला कुणी पळीभर पाणी देईना. मग चुलीची काजळी तेलात कालवून अंगठे उठवले. ह्याला म्हणावं रसिकता!

अर्जाचं उत्तर म्हणून शनिवारी दुपारच्या एसटीनं कंपनीचा माणूसच नांदेडहून उतरला. पेट्या न्यायला. आत गेला तर पेट्यांवर भामाबाई मांडी घालून बसलेल्या.

“आजी, उठा की जरा.”

“टँकर आल्याबिगर म्या कुठूनच उठत न्हाई, बाबा.”

“आहो, माझी एसटी जातीय!”

“जाऊ दे. दुसरी येतीय. पाऊस न्हाई येत दुसरा.”

बिचारा वैतागून खुर्चीत बसला. तीनचा खेळ सुरू झाला. (भामाबाईंनी खेळासाठी रिळं बसवंताला एकेक मोजून दिली आणि एकेक मोजून परत घेतली.) पाऊस लागला तेव्हा मी त्या माणसाकडं बघत होतो. रोज पेट्या वाहणारा माणूस, पण पिक्चर कधी बसून बघितलेला नसावा. दिवे लागल्यावर त्यानं रुमालानं तोंड पुसलं, आणि म्हणाला, “येत्या रविवारपर्यंत राहू द्या. मी सांगतो साहेबाला.” निलंग्यात शिट्ट्या झाल्या त्या तुम्हाला तिथवर ऐकू आल्या असतील! एसटीत बसवताना भामाबाईंनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला सांगेनात.

सर्वांना यथायोग्य सांगा. म्हशीलाही.

तुमचा,
गुरुलिंग

ता. क. १ : वर कबूल केलेलं कारण. तुमच्या अक्कानं मला म्हटलं होतं, चला आपण दोघं पावसाचा पिक्चर बघू. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं. मी म्हणालो, घरात पाणी न्हाई आन् तुला पिक्चर सुचायलाय? इंग्रजी पिक्चर घरंदाज बाईनं बघायचा नसतो. मग मी एकटाच गेलो. रोज. एरवी दररोज धुणं असतं तर एकेक तिकीट गुपचूप विरघळून गेलं असतं. पण टंचाईमुळं धुणं आठवड्यातून एकदा, आणि एकाच सदऱ्याच्या खिशात तिला पाच अर्धी तिकिटं सापडली. दुष्काळ कुणाला कसा नडेल, सांगता येत नाही.

ता. क. २ : तेव्हा खरी विनंती अशी, की तिला गुरुवारच्या एसटीत बसवून द्या. रविवारनंतर पिक्चर जाईल. अर्ज मी गावासाठी केला असं गाव समजतं, समजू द्या. दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत.

ता. क. ३ (बुधवार) : पाकीट चिकटवलं नव्हतं हे बरं झालं. तुमची अक्का काल सकाळीच आली. कंपनीच्या माणसानं तुमच्या घरी येऊन भामाबाईंचा निरोप दिला म्हणे, “म्हातारा उंबऱ्यात बसून राहतो, घागर उघडत न्हाई.” तीनच्या खेळाला गेलो. शेवटचा पाऊस लागला. मला वाटलं, आता हिच्या डोळ्याला पदर लागणार. तर ही माझ्याकडं वळून म्हणाली, “एवढा येळ भिजत उभं ऱ्हाण्यापरीस ‘चुकलं’ म्हणला असता तर काय झालं असतं त्याला?”

मी म्हणालो, “चुकलं.”

मागच्या रांगेतून भामाबाई म्हणाल्या, “मोठ्यानं म्हणा, हिकडं ऐकू न्हाई आलं.”

मोठ्यानं म्हणालो. टॉकीजभर शिट्ट्या झाल्या. हिरो बिचारा पडद्यावर एकटाच भिजत राहिला.

घरी आल्यावर तिनं दोन्ही अर्धी तिकिटं माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. धुणं सोमवारी आहे.