सुवार्तेनं तोडून दिलेली फांदी

बारामती, शुक्रवार, संध्याकाळ

मेथीची जुडी दहा रुपये, अंजीर पावशेर चाळीस. अंजिराची फांदी फुकट. ती माझ्या धाकट्या जावेनं, सुवार्तेनंच परसातनं तोडून दिली. "अक्का, मोठाली पानं बघून आणलीत," म्हणाली.

चर्चच्या महिला सभेत आज बोलायची पाळी माझी. येशू प्रभूला ज्या अंजिराच्या झाडावर नुसती पानंच सापडली नि त्याच्या शापानं जे वाळलं, त्यावर बोलले. फांदी उंच धरून विचारलं, "फळ नाही, तर पानांचा काय उपयोग?"

मागनं शांताबाई बोलल्याच, "व्हय बाई, कुणाकुणाचं तसंच आस्तंय."

सगळ्या सुवार्तेकडं वळल्या. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. मला आधी कसं सुचलं नाही? की सुचलं होतं?

ती उठली आणि तशीच इंदापूरच्या गाडीनं माहेरी गेली. फोन उचलत नाही.

बायबलातली माळ्याची दाखल्याची गोष्टही मला पाठ आहे. फळ न देणारं अंजीर तोडू नका, यंदाही राहू द्या, असं तो धन्याला विनवतो. ती मी सभेत वाचलीच नाही. माझं बोलणं रंगलं होतं ना! नुसती पानं माझीच.

फांदी तांब्यात ठेवलीय, टाकवत नाही. कार्ड लिहिलं:

"सुवार्ता, पुढच्या सभेत सगळ्यांपुढं तुझी माफी मागणार आहे. तोवर येशील का? न्यायला मी येते. उलट टपाली कळव."