गोंदलेलं मनगट

अहो,

तुमचा फोन लागंना, म्हणून भाकरीच्या टोपल्यावर चिठ्ठी ठेवते. मामांना घेऊन बीडला चालले. शहादेवभावजींची जीप मिळाली. मामांचे ओठ निळे पडलेत, हाक मारली तर नुसतं बघतात. बेड मिळंल का न्हाई, ते तिथं गेल्यावरच कळंल.

डॉक्टर रोज व्हिडिओवर बोटाचं मशीन बघायचे अन् "ऑक्सिजन चांगला आहे, घरीच ठेवा" म्हणायचे. ते बोट मामांचं नव्हतंच. तुमच्या आईच शेजारी बसून मामांच्या पांघरुणातून आपलं बोट पुढं करायच्या. रेंजसाठी मी मोबाइल घेऊन दारात उभी राहायचे, मला बी मशीनचा आकडाच दिसायचा. आज पांघरूण सरकलं अन् आत्यांचं गोंदलेलं मनगट दिसलं.

विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या भावाला दवाखान्यात नेलं, मेल्यावर त्याचं तोंड बी बघू दिलं न्हाई. ह्यांना मी नेऊ देणार न्हाई."

तुमी रागावून काई बोलू नका त्यांना. आमच्या मागं बी येऊ नका, त्यांच्याजवळ थांबा. शेळ्यांना पाणी पाजायचं राहिलंय. आत्यांनी सकाळपासून काई खाल्लं न्हाई, दूध तरी पाजा.

मामांना जीपमधी निजवलं तरी त्या मामांच्या अंथरुणावर बोटाला मशीन लावूनच बसल्यात. सारखं म्हणतात, "अंजना, डॉक्टरला फोन लाव. बघ, आज बी चांगलंच आलंय."

अंजना