आत्याचं नाव, पान एकतीस

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, आमच्या संगीत मासिकाची पानं मांडणारी, पूर्ण शुद्धीत हे लिहिते.

आधी दुरुस्ती. गेल्या वर्षीच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की अनुक्रमणिकेतून साथीदारांची नावं जागेअभावी काढावी लागली. ते खोटं आहे. बावीस ओळींची जागा होती. दादाने सांगितलं आणि नावं मी माझ्या हातांनी काढली. ते मृत्युपत्र रद्द समजावं.

मला काही झालेलं नाही, साधी सर्दीही नाही. मासिकाचा अर्धा-अर्धा हिस्सा देताना बाबांनी मला आणि दादाला दरवर्षी मृत्युपत्र लिहायची शिस्त लावली, तेवढंच.

एक. माझा अर्धा हिस्सा आत्याला. तिने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्याला व्हायोलिनची साथ केली. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं तिने याच अनुक्रमणिकेवर बोट ठेवून शिकवली. तेव्हा गायक आणि साथीदार एका ओळीत, एकाच आकारात असत. गेल्या वर्षी जूनच्या अंकात, पान एकतीसवर, तिच्या शेवटच्या मैफलीवर लेख होता. भिंग धरून तिने अनुक्रमणिका दोनदा वाचली.

"अगं, मी कितव्या पानावर?"

"जागा नव्हती गं, आत्या."

"असू दे. तुम्हालाही अडचणी असतात."

तिने विश्वास ठेवला. मला स्वतःची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

दोन. दादाला त्याचा फोटो. नावांच्या जागी त्याने तोच छापला: मायक्रोफोनसमोर, डोळे मिटून. याला तालात टाळी वाजवता येत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नावं कोण वाचतं गं?"

"ज्याचं असतं तो."

"मग त्याला फोन करून सांग!"

तीन. अनुक्रमणिकेच्या पानासाठी त्याने आणलेली वेलबुट्टीची अक्षरं आणि त्यांच्यामागे छापलेला तो केशरी धूर कुणालाही देऊ नये. दोन्ही पुसून टाकावीत.

चार. माझी स्टीलची पट्टी वहिनीला. "आत्यांचं नाव कुठाय?" हे घरात तिने एकटीने विचारलं. दादा "तुला काय कळतं" म्हणाला, तेव्हा मी हीच पट्टी पुसत होते.

पाच. आत्याला तिचं नाव. पण हे कलम मी माझ्या मरणावर सोपवत नाही. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे. पाठीमागच्या बाजूला माझी सही नसेल तर छापखान्याचे काका कुठलंही पान यंत्रावर चढवत नाहीत. पुढच्या अंकासाठीचं दादाचं फोटोवालं पान टेबलावर आहे, त्यावर सही होणार नाही. दुसरं पान मी मांडलं आहे: सगळे साथीदार, गायकांच्याच आकारात, आणि खाली जूनच्या अंकातल्या चुकीची कबुली, आत्याच्या नावासकट. दादा माझ्याशी बोलणं टाकेल. तरी हे लिहून ठेवते.

साक्षीदार: छापखान्याचे काका, समोरच्या शिंपीणबाई. दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे मी दोनदा तपासलं.

ठिकाण: कचेरीची मागची खोली. शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४.

सही.

पान छापखान्यात मी स्वतः नेईन: बुधवार, १८ सप्टेंबर २०२४, सकाळी अकरा वाजता.